काळ्या वायरीवरची पांढरी अक्षरं

“आधी वाचून दाखव, मग काप,” द्वारकाबाई म्हणाल्या.

मेहरीननं पक्कड खाली ठेवली. नवरा परवेज कॅमेरे बसवायला गावोगाव फिरायचा आणि बारामतीतलं हे दुकान तीच बघायची. पण वायर वाचून मागणारं गिऱ्हाईक तिला पहिल्यांदाच भेटत होतं.

“वाच गं बाई,” बाकड्यावरून रावजी म्हणाले. “आमच्या वैनी कोथिंबिरीची जुडीसुद्धा सोडून बघत्यात.”

“तुमी आणलेली सोडून बघावीच लागती, भावजी.”

काउंटरवर दोन रिळं होती. दोन्ही काळी, दोन्ही सारखीच जाड. फरक होता तो अंगावर छापलेल्या पांढऱ्या अक्षरांत, आणि ती तिळाएवढी. द्वारकाबाईंनी पदरानं चष्मा पुसला.

पिंपळीच्या मळ्यात त्या एकट्या राहायच्या. मुलगा सुयोग पुण्याला. त्यानं ओसरीवर कॅमेरा लावून दिला होता. ऑफिसात बसल्याजागी आई दिसली की त्याचा जीव भांड्यात पडायचा. पण इंटरनेट यायचं ते दीर रावजींच्या घरून, हवेतून, आणि मधला ऊस वाढला की चित्र गायब व्हायचं. मागच्या महिन्यात चित्र गेलं, आणि नेमक्या त्याच दिवशी द्वारकाबाई फोन घरी विसरून इंदापूरला नणंदेकडं गेल्या. सुयोग पुण्याहून गाडी दामटत आला. त्यानं गोठा बघितला, ऊस बघितला, विहिरीतसुद्धा वाकून बघितलं. संध्याकाळी द्वारकाबाई एसटीतून उतरून घरी आल्या, तर तो पायरीवर बसून रडत होता.

“आता वायर टाका,” जाताना तो म्हणाला. “पुन्हा एकदा जरी कॅमेरा बंद पडला, तरी मी येणार आणि तुला घेऊन जाणार. मग मळा सोडणार नाही वगैरे ऐकणार नाही मी.”

मळा सोडणार न्हाय, असं द्वारकाबाई नवरा गेल्यापासून म्हणत आल्या होत्या. आता तर त्यांनी तोंड उघडायच्या आत दुसरीच माणसं ते म्हणून टाकायची.

“हे कॅट सिक्स,” मेहरीननं पहिल्या वायरीवर नख टेकवलं. “ही तिची प्रत. हा तेवीस आकडा आतल्या तारेचा. आकडा लहान तेवढी तार जाड.”

“आन आकडा वाढंल तशी बारीक?”

“व्हय.”

“म्हंजे माणसासारखंच.”

मेहरीन हसली. “हितं यूव्ही लिहिलंय, म्हणजे ऊन सोसती. आन दर मीटरला हा आकडा, मापात फसवणूक न्हाय. शंभर मीटरच्या पुढं न्यायची न्हाय, पण तुमचं ऐंशीत भागतंय.”

“आन ह्या दुसरीवर?”

“हिच्यावर यूव्ही न्हाय. वर हे बघा, सीसीए.” मेहरीननं टोक सोलून आतली तार ब्लेडनं खरवडली. तांबूस रंग निघाला, खाली पांढरं दिसलं. “वरनं तांबं, आत ॲल्युमिनियम. तुमच्या कॅमेऱ्याला वीजपण ह्याच वायरीतनं जाणार. एवढ्या लांब ही दम धरत न्हाय. खोलीतल्या खोलीत ठीक.”

द्वारकाबाईंनी ती वायर हातात घेऊन डोळ्याजवळ नेली. “मग ही जाती कशी? एकदम का हळूहळू?”

“आधी रात्रीचं चित्र जातं. रात्री कॅमेरा जास्त वीज खातो. मग उन्हानं वरचं आवरण तडकतं, पाणी शिरतं, संपलं.”

“मधी जोड मारून न्हाय चालत?”

“काय उपयोग? सगळीच बदलावी लागती.”

“बघितलंस?” रावजी मेहरीनला म्हणाले. “असं खोदून विचारत्यात. आमचा भाऊ गेला तवा समदी म्हणली, आता ही बाई पोराकडं जाणार. पण न्हाय. मी डेअरीवर छाती ठोकून सांगतो, पुण्यात बंगला बांधून दिला तरी आमच्या वैनी पायात चप्पल घालायच्या न्हाईत. भावाचा मळा हाय त्यो.”

“सांगतात खरं,” द्वारकाबाई म्हणाल्या. “रोज सांगतात.”

“कसं हाय मावशी पुण्याचं घर?” मेहरीननं विचारलं.

“हाय बरं. खाली बाकडी हायत. संध्याकाळच्या बायका बसत्यात बोलत.”

“आन मळ्यात?”

“मळ्यात ऊस हाय.”

रावजींना हे फार आवडलं. मांडीवर थाप मारून ते उठले. “चांगलीतली चांगली घ्या, वैनी. वायर गेली की तुमी गेला, हे ध्यानात ठेवा. पोरी, दोनी टोकांना जॅक हितंच बसवून दे. खांब रोवल्यात, ताणायचं काम माझ्याकडं. मी गाडी वळवून आणतो.”

ते बाहेर पडले. मेहरीननं यूव्हीचं रीळ पुढं ओढलं, मीटरचा आकडा बघितला, मनात ऐंशी मिळवले आणि वायर सोडायला लागली. द्वारकाबाई दाराकडं बघत होत्या. रस्त्यापलीकडं रावजींना कोणीतरी ओळखीचं भेटलं होतं आणि ते हातवारे करून काहीतरी सांगत होते.

“ती ठेव,” द्वारकाबाई म्हणाल्या. “दुसरी दे.”

मेहरीनचा हात थांबला. “मावशी, आत्ताच सांगितलं की तुमाला. पैशाचं म्हणत असाल तर मागनं द्या.”

“पैशाचं न्हाय.”

“मग? अहो, ही उन्हात टाकली तर यंदाची दिवाळी बघायची न्हाय.”

द्वारकाबाईंनी पुन्हा एकदा रस्त्याकडं नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

“दिवाळी लई लांब हाय, पोरी. हिच्याहून लवकर जाईल अशी न्हाय का एखादी?”