इतिहास, इयत्ता सातवी, सन २२५०

मानवजातीचं भवितव्य शेवटी इतिहासाच्या एका पाठ्यपुस्तकावर अवलंबून असतं. निदान जयराजच्या विज्ञानकथांत तरी. तो पाटणजवळच्या आपल्या गावात मोबाइलवर छोटे सिनेमे काढायचा आणि प्रत्येकात सन २२५० मधून कोणीतरी तेच पुस्तक घेऊन यायचं. सातवीचं, चंदेरी कव्हर घातलेलं.

या वेळी यान उतरवायला त्याला माजी सुभेदार लालासाहेबांचं ट्रॅक्टरचं शेड हवं होतं.

"घे की," लालासाहेब म्हणाले. "पर त्या पुस्तकात माझा धडा पायजे. आन् त्यो पडद्यावर दिसला पायजे."

गावच्या कमानीवर त्यांच्या चुलतभावाचं, नाथाजीचं नाव होतं. रोज त्याखालून जावं लागे. कमान काही बाविसशे पन्नासपर्यंत टिकणार नव्हती. पुस्तक टिकणार होतं.

जयराजने धडा लिहिला. एकाच ठिकाणी अडलं.

"आप्पा, मृत्यूची तारीख टाकाय लागंल. इतिहासात जित्ता मानूस शोभत न्हाई," तो लालासाहेबांना म्हणाला.

"दोन हजार नव्वद टाक."

"आवं, तवर म्या भाकरी थापत बसू व्हय?" आतून त्यांच्या पत्नी बनुबाई म्हणाल्या.

बरीच घासाघीस झाली. अखेर तारखेवर चहाचा डाग पाडायचं ठरलं. आता डाग आला म्हणजे पुस्तकही वापरलेलं दिसायला हवं. ते काम लालासाहेबांच्या सुनेकडे आलं. रेश्मा शाळेत सातवीला इतिहास शिकवायची.

"वैनी, अगदी पोरांच्या दप्तरातलं वाटलं पायजे," जयराजने बजावलं.

रेश्माने पानांचे कोपरे दुमडले, कडेला शाई सांडली, सासऱ्यांच्या फोटोला पेन्सिलीने गॉगल काढला. गॉगल लालासाहेबांनी स्वतः रबराने खोडला आणि पुस्तक पसंत केलं.

"झालं का?" जयराजने विचारलं.

"जरासं ऱ्हायलंय," रेश्मा म्हणाली आणि पेन्सिल मागून घेतली.

सिनेमा समाजमंदिरात दाखवला. नाथाजीला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं. यान उतरलं. चंदेरी पाहुण्याने पुस्तक उघडलं. पडदाभर अक्षरं आली : '१२. सुभेदार लालासाहेब आणि त्यांचा काळ'. टाळ्या पडल्या.

"थांबव रं तितंच," लालासाहेब ओरडले. "नाथाजीला वाचू दे. सगळं वाच गड्या, सावकाश."

नाथाजीने चष्मा लावला. सगळं सावकाश वाचलं. मग समासातलंही वाचलं, मोठ्याने.

धड्यावर पेन्सिलीची एक तिरकी रेघ होती आणि बाजूला लिहिलं होतं : 'परीक्षेला नाही.'