अकरा काविळी

"एका सूतगिरणीत, एका वर्षात, अकरा जणांले कावीळ?" हसनैन साहेबांनी विम्याची फाईल मिटली. "अन् अकराही जण अमरावतीच्या एकाच दवाखान्यात?"

अकोल्याच्या या गिरणीत कामगारांच्या विम्याचे कागद खुशालरावच भरत. साहेब सरकारी तपासनीस. अंगाच्या दुखण्याइतकाच विमा मनाच्या दुखण्यालाही मिळाला पाहिजे, असा कायदा होऊन दोन वर्षं झाली होती. तो पाळतात की नाही, हे पाहायला आलेले.

"पानी खराब आहे, साहेब."

"मंग तुमाले काहून नाही झाली?"

साहेबांची बोटं फाईलवर ठेका धरत होती. दर एकादशीला कीर्तनात टाळ धरणाऱ्या खुशालरावांच्या कानाला तो खंजिरीचा ठेका ओळखीचा वाटला. दोन-तीन रविवारांपूर्वीच कुठंतरी ऐकलेला. पण भीतीपोटी आठवेना.

"तिथला डॉक्टर काविळीचा नाही, खुशालराव. मनाचा आहे."

पांडुरंगा! खुशालरावांनी हात जोडले. "कावीळ मीच लिहितो, साहेब. डॉक्टर दयेपोटी सही करतात. माह्या नोकरीचं काय व्हायचं ते होवो, पण त्या अकरांतल्या दुर्गाबाईचा कागद अडवू नका. बोंडअळीनं शेत गेलं अन् बाईची वाचाच बसली. महिन्यापासून तिथंच भरती आहे, मी रविवारी भेटाले जातो. खरं लिहिलं तर लोकं वेडी म्हणतीन, पोरीची सोयरीक मोडन."

"अन् खोटं लिहिलं की विमा कंपनी आमाले सांगते, तिथं मनाचं दुखणं कोणालेच नाही, कायदा कोणासाठी पाळू?" साहेबांनी लाल पेन पुढं सरकवलं. "खोडा कावीळ. खरं लिहा. पैसे कसे देत नाहीत ते मी पाहतो."

खुशालरावांनी पेन उचललं नाही.

"लहान तोंडी मोठा घास घेतो, साहेब. तुमच्यावर ही वेळ आली असती, तर तुमी लिहिलं असतं?"

ठेका थांबला.

साहेबांनी बॅगेतून घडी घातलेला एक फॉर्म काढून टेबलावर पसरला. विम्याचाच. खाली त्याच दवाखान्याचा शिक्का होता. आजाराच्या रकान्यात लिहिलं होतं, मलेरिया. साहेबांनी पेन परत ओढून घेतलं अन् त्या शब्दावर सावकाश लाल रेघ मारली.

"दुर्गाबाई अजून बोलत नाही," ते म्हणाले, "पण दवाखान्यातल्या संध्याकाळच्या भजनात तिचा टाळ कधी चुकला नाही. खंजिरी माह्याकडं असे."