पापी दे!

युलीसा माझ्या समुपदेशनाच्या खोलीच्या दारातच थांबली. सोळा वर्षांची पोर, वर्षभर घरात कुणाशी धड बोलत नव्हती. मागून तिच्या आईनं, नोएमीनं, तिला आत ढकललं.

"अगं, बघत काय उभी राहिलीस? डॉक्टरबाईंना पापी दे! भेटल्यावर गालाची पापी द्यायची, हेसुद्धा आता मी शिकवायचं का?"

सवयीनं माझाही गाल पुढे झाला होता. पण पोरीनं अंग चोरलेलं दिसलं आणि मी चटकन मागे सरले.

"नको असेल तर नको गं," मी म्हटलं. "इथं तुला विचारल्याशिवाय कुणी तुझ्याजवळ येणार नाही. मीसुद्धा नाही."

"लाडावून ठेवू नका हो तिला," नोएमी ओशाळं हसली. "लोक म्हणतील, आपल्या बारांकिया शहरातली पोर आणि इतकी उद्धट!"

युलीसानं माझ्याकडे बघितलं. मग हळूच आईकडे वळली.

"तेव्हाही मी नको नको म्हणत होते, आई. तेव्हाही तू उद्धट म्हणालीस, आणि लुचोमामाच्या खोलीत मला असंच ढकललंस."