मागचा दिवा

बंदर मागे पडताच लवूने नेहमीप्रमाणे होडीवरचा दिवा विझवला. सुरमईची ती जागा त्याला एकट्यालाच ठाऊक होती आणि ती तशीच राहायला हवी होती. पण मागच्या होडीचा दिवा आजही पाठ सोडत नव्हता. लवू वळला की तोही वळे, थांबला की थांबे. साडूच तो, गुणाजी. घरी गोडगोड बोलणारा!

जाळं टाकून झालं, तसा तो दिवा आणखी जवळ सरकला. लवूच्या तोंडात शिवी आली, तेवढ्यात दुसऱ्या बाजूने एक ट्रॉलर धडधडत थेट लवूच्या होडीवर येताना दिसला. लवू दिव्यासाठी चाचपडू लागला. गुणाजीने आपली होडी सुसाट मधे घातली आणि दिवा उंच धरून हलवला. ट्रॉलर अगदी जवळून वळून गेला.

"माझी जागा चोरूक इलस मां?" लवू ओरडला.

"तुझी बायल पाया पडली माझ्या. म्हणाली, हे दिवो इजवतत, तुमी तरी पेटवून मागे ऱ्हवा."

"खोटा बोलतस!"

गुणाजीने दिवा आपल्या होडीत खाली धरला. होडीत जाळंच नव्हतं.