मागून म्हणायची जागा

शंकररावांचा आवाज ‘दुतियम्पि संघं’पाशी अडकला, थोडा मागे गेला आणि पुन्हा ‘दुतियम्पि’ म्हणाला.

सतरंजीवर बसलेल्यांनी हात जोडून पुन्हा तेच मागून म्हटलं. बुद्धवंदनेची सवयच तशी. पुढचा सांगतो, बाकीचे म्हणतात. काचीगुड्याच्या या गल्लीत पुढे सांगणारे नेहमी शंकररावच. त्यांना जाऊन आज वर्ष झालं होतं, आणि आजची वंदनाही त्यांच्याच आवाजात व्हावी, एवढंच त्यांच्या पत्नी कोंडाबाईंनी मुलाकडे मागितलं होतं. रेकॉर्डिंग चांगलं होतं. प्रत्येक ओळीनंतर शंकररावांनी मागून म्हणणाऱ्यांसाठी जागा सोडलेली होती.

आवाज पुन्हा अडकला. पुन्हा ‘दुतियम्पि’, दुसऱ्यांदाच. लोकही पुन्हा म्हणाले, या खेपेला जरा हळू. तिसऱ्यांदा म्हणायचं शरण काही येईना.

“शंकरराव दुसऱ्यातच अटकले की हो,” एकनाथराव शेजारच्याच्या कानाशी बोलले, पण ऐकू सगळ्यांना गेलं. मागे कुणीतरी पदराआड हसलं.

कोंडाबाई उठल्या. आतल्या खोलीत त्यांचा मुलगा संघपाल लॅपटॉपसमोर बसला होता. टेबलाखाली काळी पेटी घरघरत होती. घरातले फोटो, बाबांचा आवाज, सगळं त्या पेटीत साठवलेलं. तिथूनच तो आवाज बाहेरच्या स्पीकरवर जायचा.

“काय झालं रे?”

“लोड आलाय, आई. गेमचा सर्व्हर पण यावरच आहे ना. ऑफिसातले सगळे आपापल्या घरून आपल्याच पेटीवर खेळतात. आज फायनल आहे.”

पडद्यावर एका माणसानं दुसऱ्याला पाठीमागून गोळी घातली. रक्त उडालं. लॅपटॉपमधून कुणीतरी आनंदानं ओरडलं.

“बंद कर ते.”

“नक्को आई, दहा मिनिटं ठहर. मध्येच बंद केलं तर त्यांच्यासमोर माझी काय इज्जत राहील?”

कोंडाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तिशी उलटलेला मुलगा. अंगातला पांढरा सदरा सकाळी त्यांनीच इस्त्री करून दिलेला. त्या बाहेर आल्या, स्पीकरचा खटका बंद केला आणि शंकररावांच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या.

“ततियम्पि बुद्धं सरणं गच्छामि,” त्या म्हणाल्या. एकनाथरावांनी मान खाली घातली आणि सगळ्यांच्या आधी मागून म्हटलं.

खीर खाऊन माणसं गेली. कोंडाबाई मोरीत भांडी घासायला बसल्या, तेव्हा संघपाल हसत बाहेर आला.

“आई, जिंकलो! सगळे गेले आता, पेटी रिकामी आहे. ऐक, बाबा एकदम क्लिअर.”

त्यानं खटका दाबला. रिकाम्या सतरंजीवर शंकररावांचा आवाज स्वच्छ उमटला. पाणातिपाता वेरमणी... जीव न घेण्याचं पहिलं शील त्यांनी सावकाश सांगितलं आणि मागून म्हणणाऱ्यांसाठी ते थांबले.

संघपालच्या हातातला फोन वाजला. तो बोलत आत गेला.

कोंडाबाई पातेलं घासत राहिल्या. शंकररावांनी सोडलेल्या जागेत पेटीचा पंखा तेवढा घरघरत होता.