टॉवेलचा बोळा

पूर्वार्धात पोरींनी तीन गोल केले आणि ओरडून ओरडून घसा बसला प्रशिक्षकांचा. कुणाच्याही पायाशी चेंडू आला की बाकावरून त्यांची आरोळी ठरलेलीच: "डावीकडे दे! थांब! आता मार!" मोठ्या संघासाठी मुली निवडायला आलेल्या बाई मध्यंतरात म्हणाल्या, "आता तुम्ही गप्प बसायचं. मला मुलींचा खेळ बघायचाय, तुमचा नाही." "मी घडवलंय त्यांना!" प्रशिक्षक चरफडले. पण निवड बाईंच्या हातात. गळ्यातल्या टॉवेलचा बोळा तोंडात कोंबून ते बसले. मैदानावर पोरी बावचळल्या. चेंडू मिळाला की बाकाकडे बघायच्या, तोवर तो गेलेला असायचा. अखेर चिमणी, त्यांची सगळ्यात गुणी पोर, तिघींना चकवून आत घुसली. गोलरक्षक आडवी, समोर मोकळा गोल. प्रशिक्षकांनी टॉवेल चावला. मार ना गं! चेंडूवर पाय ठेवून चिमणी बाकाकडे वळली. "सर, मारू?"