बिजलीचा चेंडू

एसटी स्टँडच्या कँटीनमधल्या टीव्हीवर परदेशात लढणारी आपली फौज दिसत होती.

"तिकडेच ठेचलं अतिरेक्यांना. आता इकडे कोण येतंय?" स्टँडचे कंट्रोलर दाभाडे श्वानपथकाच्या वैजयंताला म्हणाले. "तुमच्या बिजलीला पेन्शन द्या आता."

वैजयंता हसली आणि तिने कुत्रीचा पट्टा सैल केला. नेहमीसारखी तिने स्फोटकाच्या वासाची सरावाची पुडी शेवटच्या बाकाखाली लपवली होती. काहीच सापडलं नाही तर बिजली हिरमुसते, म्हणून हा रोजचा लुटुपुटूचा विजय. स्फोटकाचा वास आला की बिजली तिथेच मुकाट बसायची आणि बक्षीस म्हणून चेंडू मिळवायची.

आज ती बाकापर्यंत गेलीच नाही. वाटेतच एका निळ्या सॅकपाशी बसली. वैजयंताने पट्टा खेचून तिला मागे घेतलं.

"दाभाडेसाहेब, स्टँड रिकामा करा. आत्ता."

दोन तासांनी सॅकमधला बॉम्ब निकामी झाला, तेव्हा दोराबाहेरच्या गर्दीने टाळ्यांनी रस्ता दणाणून सोडला. टीव्हीवर अजून तिकडचाच विजय चालू होता. दाभाडेंनी तो बंद केला.

"पेन्शनचं मागे घेतो," बिजलीपुढे हात जोडत ते म्हणाले.

बिजलीचं लक्ष वैजयंताच्या खिशाकडे होतं. वैजयंताने चेंडू काढला आणि जीव खाऊन फेकला, मोकळ्या स्टँडवर, पार सहाव्या फलाटापलीकडे.